चौतीस बंदरे, अकरा रात्री आणि बाबांचा आलेख

नॉर्वेच्या किनाऱ्याने बोटीतून एकदा जाऊन यायचे, एवढे आमच्या घरात २०२४च्या पावसाळ्यात ठरले. कोणत्या महिन्यात, कुठून कुठपर्यंत, किती दिवसांसाठी आणि कोणत्या बोटीने, यांपैकी कशाचाही निर्णय तेव्हा झालेला नव्हता आणि तो पूर्ण व्हायला पुढचे चार-साडेचार महिने गेले. या सफरीबद्दल लिहिणारे बहुतेक जण फ्योर्ड म्हणजे डोंगरांत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, बर्फाने झाकलेले डोंगर आणि रात्रीच्या आकाशातला हिरवा प्रकाश यांबद्दल लिहितात. ते सारे आम्हालाही पाहायचे होतेच. परंतु प्रत्यक्ष नियोजनाला बसल्यावर आमचे सगळे निर्णय ज्या प्रश्नाभोवती फिरत राहिले, तो प्रश्न असा होता की, आपण झोपलेले असू किंवा बाहेर अंधार असेल, तेव्हा बोट नेमकी कुठून जात असेल?

जाणारे आम्ही तिघे होतो: आई, बाबा आणि मी. बाबांचे वय चौऱ्याहत्तर, आईचे एकोणसत्तर. बाबांनी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर म्हणून आयुष्याची बहुतेक नोकरी केली. कंट्रोलरच्या टेबलावर एक मोठा तक्ता पसरलेला असतो. आडव्या अंगाला वेळ, उभ्या अंगाला स्थानके आणि त्यावर प्रत्येक गाडीची एकेक तिरकी रेघ. कोणती गाडी कुठे असेल, कोणाची कोणाशी गाठ पडेल, कोणाला बाजूला घ्यावे लागेल, हे त्या रेघा पाहून कळते. आमच्या सफरीच्या नियोजनाला जे वळण लागले ते बाबांच्या या सवयीमुळे लागले, म्हणून हे आधी सांगितले.

नैर्ऋत्येकडील बर्गन या शहरातून रोज संध्याकाळी एक बोट उत्तरेला निघते आणि वाटेतली बंदरे घेत सातव्या दिवशी सकाळी रशियाच्या सीमेपासून अवघ्या काही किलोमीटरवर असलेल्या किर्केनेसला पोहोचते. तिथे तीन-साडेतीन तास थांबून तीच बोट परत फिरते आणि बाराव्या दिवशी दुपारी बर्गनला येते. एकूण ३४ बंदरे आणि येऊन-जाऊन सुमारे २,५०० सागरी मैल. ही सेवा नॉर्वे सरकारशी झालेल्या करारानुसार चालते. किनाऱ्यावरच्या गावांतले प्रवासी आणि माल यांची वाहतूक करणे हे तिचे मूळ काम आहे. २०२१पासून हा करार दोन कंपन्यांमध्ये विभागलेला आहे: हुर्टिग्रुटेनच्या सात बोटी आणि हाविलाच्या चार. काही बंदरांत बोट तीन-चार तास थांबते, तर कित्येक बंदरांत जेमतेम पंधरा मिनिटे, आणि ती पंधरा मिनिटे रात्री अडीच वाजताही असू शकतात. पर्यटकांच्या सोयीसाठी वेळापत्रक आखलेले नाही, ही गोष्ट मनात पक्की केल्याशिवाय या सफरीचे नियोजन नीट होत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

बाबांना मात्र हीच गोष्ट सर्वांत जास्त भावली. पहिल्याच दिवशी वेळापत्रक वाचता वाचता ते म्हणाले, "अगं, फेरीला अकरा रात्री लागतात आणि बोटी अकराच आहेत. ज्या दिवशी दुपारी परत आली त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा सुटते. ही अकरा रेकची लिंक आहे!" रेल्वेच्या भाषेत रेक म्हणजे गाडीच्या डब्यांचा एक पूर्ण संच आणि लिंक म्हणजे असे संच पाळीपाळीने फिरवत ठेवण्याचे चक्र. त्यांच्या या एका वाक्यातून आम्हाला एक व्यवहाराची गोष्ट कळली. आपण तारीख निवडली की बोटही आपोआप निवडली जाते, कारण त्या दिवशी बर्गनहून तीच एक बोट सुटते. आणि एखादी विशिष्ट बोट हवी असेल तर तिच्यासाठी अकरा-अकरा दिवसांच्या अंतराने येणाऱ्या तारखाच हाती राहतात. काही बोटी १९९०च्या दशकात बांधलेल्या आहेत, काही अगदी नव्या. हाविलाच्या बोटींवर ६.१ मेगावॉट-तास क्षमतेची बॅटरी आहे आणि तिच्या बळावर बोट काही तास इंजिनाच्या आवाजाशिवाय जाऊ शकते. बोटीच्या नव्या-जुन्या असण्याला आम्ही फारसे महत्त्व द्यायचे नाही असे ठरवले, तेव्हा तारखांची निवड बरीच मोकळी झाली.

या मार्गाचा इतिहास मी नियोजनाच्या ओघातच वाचला आणि त्यामुळे बाबांच्या आलेखाकडे पाहण्याची माझी नजर बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ट्रॉन्डहाइमहून हामरफेस्टला पत्र पोहोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच महिन्यांपर्यंत वेळ लागत असे. किनाऱ्यावर असंख्य बेटे आणि खडक, दीपगृहे मोजकीच आणि नकाशे अपुरे, म्हणून रात्री बोट चालवायला कोणी तयार नसे. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने ही जबाबदारी घेतली आणि २ जुलै १८९३ रोजी त्यांची 'वेस्टेरोलेन' ही वाफेवरची बोट ट्रॉन्डहाइमहून निघाली. ते आणि त्यांचे वाटाडे आंडर्स होल्ते यांनी त्याआधी कितीतरी फेऱ्यांमध्ये दिशा, वेग आणि लागलेला वेळ यांची बारकाईने टिपणे करून ठेवली होती. त्यामुळे अंधारात केवळ होकायंत्र आणि घड्याळ यांच्या आधाराने बोट चालवता येईल, असा विश्वास त्यांना वाटत होता. हे मी बाबांना वाचून दाखवले तेव्हा ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनीही आधी तक्ताच केला होता."

बाबांनी आलेखाचे चार कागद एकमेकांना चिकटवून एक लांब पट्टा केला. उभ्या अंगाला खाली बर्गन आणि वर किर्केनेस, मधली बंदरे साधारण अंतराच्या प्रमाणात. आडव्या अंगाला बारा दिवस, तासातासाच्या घरांत विभागलेले. वेळापत्रकातल्या नियोजित वेळा काळ्या शाईने मांडल्यावर उत्तरेला जाणारी रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेली आणि किर्केनेसला शिखर गाठून पुन्हा उतरली. इतर दहा बोटींच्या रेघाही त्यांनी फिकट काढल्या, कारण कोणत्या बोटीशी कुठे गाठ पडते हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना. रोज रात्री नऊच्या सुमारास रोरविक या छोट्याशा बंदरात उत्तरेला जाणारी आणि दक्षिणेला येणारी अशा दोन बोटी एकाच वेळी धक्क्याला असतात, हे त्या रेघांमधून दिसले; आणि तिथे प्रवासी एका बोटीतून उतरून दुसरी बोट पाहून येतात, असे मी नंतर वाचले.

त्यानंतर खरा प्रश्न आला. रात्रीची घरे पेन्सिलीने हलकी काळी केली की, कोणते बंदर आणि कोणती सामुद्रधुनी अंधारात जाते ते लगेच दिसू लागले. उत्तरेला जाताना ट्रोम्सोला बोट दुपारी चार तास थांबते, पण परतताना ती तिथे मध्यरात्री असते. होनिंग्सवोगला, म्हणजे नॉर्दकापच्या ३०७ मीटर उंच कड्याला जाण्याच्या बंदराला, जाताना दुपारचा भरपूर वेळ मिळतो आणि येताना पहाटे काही मिनिटांचा. याउलट हामरफेस्ट, हार्स्टाड आणि वेस्टरोलेनची बेटे जाताना रात्री किंवा अगदी पहाटे येतात आणि येताना दिवसाढवळ्या. लोफोटेन आणि वेस्टरोलेन यांच्यामधली राफ्टसुंडेट ही अरुंद सामुद्रधुनी जाताना मध्यरात्रीच्या आसपास लागते, येताना मात्र दुपार उलटल्यावर. हेल्गेलान्डचा किनारा, त्यावरची 'सात बहिणी' ही डोंगररांग आणि आरपार भोक असलेला टोरगहाटन हा डोंगर, हे सारे परतीच्या वाटेवरच दिवसा दिसते. म्हणजे वेळापत्रक असे आहे की, जाताना जे हुकते त्यातले बरेचसे येताना हाती लागते. निम्मी सफर केली तर निम्मा किनारा झोपेत जातो, हे त्या कागदाने आम्हाला कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा स्पष्ट सांगितले, आणि पूर्ण फेरी करायची हा निर्णय तिथेच झाला. खर्च वाढणार होता. त्यासाठी आम्ही इतर देशांत फिरण्याचा सगळा विचार सोडून दिला.

महिन्याचा निर्णय इतका सहज झाला नाही. माझ्या मनात जून होता. जूनमध्ये बोट वाट वाकडी करून गाइरांगर फ्योर्डमध्ये शिरते, आर्क्टिक वृत्ताच्या पुढे सूर्य मावळतच नाही आणि हवाही सौम्य असते. बाबांनी जूनसाठी वेगळा पट्टा केला. त्यावर पेन्सिलीची काळी घरे पहिल्या तीन रात्रींपुरतीच होती आणि चौथ्या दिवशी सकाळी आर्क्टिक वृत्त ओलांडल्यावर परतीचा दहावा दिवस येईपर्यंत कागद कोरा पांढरा राहिला. तो कागद पाहून मला फार आनंद झाला होता. परंतु आईला उत्तर ध्रुवीय प्रकाश पाहायचा होता. ती फारसे काही मागत नाही. हे तिने मागितले होते. तो प्रकाश उन्हाळ्यातही आकाशात असू शकतो, पण रात्र अंधारी नसल्यामुळे दिसत नाही. डिसेंबरचा पट्टा केला तर उलटे चित्र दिसले: आर्क्टिक वृत्ताच्या पुढे दुपारच्या थोड्याशा संधिप्रकाशाखेरीज सगळी घरे काळी, म्हणजे किनारा जवळजवळ अदृश्य.

यातून वाट निघाली ती विषुवदिनाच्या विचारातून. २० मार्चच्या सुमारास पृथ्वीवर सगळीकडे दिवस आणि रात्र जवळजवळ समान असतात, मग ते बर्गन असो वा नॉर्दकाप. त्या आठवड्यात निघालो तर किनारा पाहायला रोज बारा तासांचा उजेड मिळतो आणि आकाश पाहायला पुरेशी अंधारी रात्रही मिळते. शिवाय विषुवदिनांच्या आसपास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची सौरवाऱ्याशी होणारी गाठ ध्रुवीय प्रकाशाला अधिक अनुकूल असते, आणि सूर्य त्याच्या साधारण अकरा वर्षांच्या चक्राच्या उच्च टप्प्यात असल्याचे ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झाले होते. गाइरांगर सोडावे लागणार होते, कारण मार्चमध्ये बोट तिकडे जात नाही. अरुंद ट्रोलफ्योर्डमध्येही ती हिवाळ्यात दरड आणि हिमलोट यांच्या भीतीने शिरत नाही. ते सोडताना मला वाईट वाटले, हे कबूल करते. बदल्यात मार्चमध्ये लोफोटेनला कॉड माशांचा हंगाम ऐन भरात असतो आणि लाकडी मांडवांवर मासे वाळत टाकलेले असतात, हे कळले.

मार्चचा पट्टा करताना बाबा एका ठिकाणी अडले. विषुवदिन असल्यामुळे काळ्या घरांचा पट्टा सगळीकडे सारख्याच वेळी सुरू व्हायला हवा, असे त्यांना वाटत होते. पण सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा मांडल्यावर तो किर्केनेसकडे जाताना डावीकडे झुकत गेला. वेळा चुकीच्या उतरवल्या असाव्यात म्हणून त्यांनी त्या दोनदा तपासल्या. मग नकाशा उघडला तेव्हा उलगडा झाला. नॉर्वेभर एकच प्रमाणवेळ आहे, पण बर्गन पूर्व रेखांशाच्या ५ अंशांजवळ आहे आणि किर्केनेस ३० अंशांवर, म्हणजे इस्तंबूलच्याही पूर्वेला. पंचवीस अंशांचा फरक म्हणजे सूर्याच्या हिशेबाने शंभर मिनिटे. आपण उत्तरेला जातो आहोत असे वाटत असताना बोट जवळजवळ तितकीच पूर्वेलाही जात असते. याचा उपयोग लगेच झाला: किर्केनेसच्या बाजूला संध्याकाळ लवकर होते आणि सकाळही लवकर, तेव्हा तिकडे असताना लवकर उठायचे आणि संध्याकाळी जेवणाआधीच आकाशाकडे लक्ष ठेवायचे, असे आम्ही पट्ट्यावरच लिहून ठेवले.

तारीख नक्की करण्यासाठी अंधाऱ्या रात्री हव्या होत्या आणि त्या शोधायला आईने भिंतीवरचे कॅलेंडर काढले. फाल्गुनातली अमावास्या २९ मार्चला होती. २० मार्चला बर्गनहून निघालो तर आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेकडच्या सहा रात्री २३ ते २८ मार्च या येत होत्या, आणि त्या सगळ्या कृष्णपक्षाच्या अखेरच्या, चंद्राचा उपद्रव नसलेल्या. तारीख ठरली. त्याच अमावास्येला खंडग्रास सूर्यग्रहण आहे आणि ते नॉर्वेतून दिसणार आहे, हे त्यानंतर दोन दिवसांनी माझ्या लक्षात आले. पट्ट्यावर पाहिले तर त्या दिवशी दुपारी बोट हेल्गेलान्डच्या किनाऱ्याला असणार होती. ग्रहण पाहण्याचे, आयएसओ १२३१२-२ या मानकाचे तीन चष्मे मी त्याच दिवशी मागवले.

आणखी एक गोष्ट बाबांच्या नजरेतून सुटली नाही. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात. २०२५मध्ये तो रविवार ३० मार्चला होता, म्हणजे आमचा अकरावा दिवस, आणि आमचा गुढीपाडवाही. त्या रात्री दोनचे एकदम तीन वाजणार होते. त्या दिवसाचे एक घर बाबांनी पट्टीने काट मारून रद्द केले, त्यामुळे तो दिवस तेवीस घरांचा झाला. सकाळी बोट ट्रॉन्डहाइमला असते आणि तिथे निदारोसचे प्राचीन कॅथेड्रल पाहायचे होते. घड्याळ बदलायचे विसरलो असतो तर आम्ही फिरून परत येईपर्यंत बोट निघून गेली असती. फोनमधले घड्याळ आपोआप बदलते हे खरे, पण आई-बाबा दोघेही मनगटावरच्या घड्याळावर चालतात.

आता आईची काळजी. तिला बोट लागते. लहानपणी एका छोट्या खाडीत झालेला त्रास तिला अजून आठवतो. त्यातच तिने कुठेतरी वाचले की, २३ मार्च २०१९ रोजी याच किनाऱ्यावर हुस्ताविका या भागात एका मोठ्या क्रूझ जहाजाची इंजिने वादळात बंद पडली, जहाजावर १,३७३ माणसे होती आणि त्यांपैकी ४७९ जणांना हेलिकॉप्टरने उचलून आणावे लागले. "म्हणजे आपण जातोय त्याच महिन्यात ना?" तिने विचारले. यावर काही तरी समजुतीचे बोलून वेळ मारून नेणे मला योग्य वाटले नाही. आम्ही तिघांनी बसून नकाशावर पाहिले. बोटीचा बहुतेक मार्ग बेटांच्या आडून जातो आणि तिथे पाणी बरेच शांत असते. उघड्या समुद्राचे पट्टे मोजके आहेत. बर्गन आणि ओलेसुंड यांच्यामधला स्टाडचा भाग, मोल्दे आणि क्रिस्तियान्सुन यांच्यामधला हुस्ताविका, ट्रॉन्डहाइमच्या उत्तरेचा फोल्डा, बोडोहून लोफोटेनला जाताना पार करावा लागणारा वेस्टफ्योर्ड आणि होनिंग्सवोगच्या पलीकडचा बॅरेंट्स समुद्र. बाबांनी हे पट्टे आलेखावर लाल पेन्सिलीने रंगवले. लाल रंग एकूण कागदाच्या मानाने थोडाच आहे हे आईला डोळ्यांनी दिसले, आणि हवा फारच बिघडली तर बोट एखादे बंदर वगळते किंवा बंदरातच थांबून राहते, हेही तिला सांगितले. डॉक्टरांना विचारून औषध घेतले आणि प्रत्येक लाल पट्ट्याच्या आधी एक तास 'गोळी' असे तिने स्वतःच्या अक्षरात त्या कागदावर लिहिले. माझ्या मते सगळ्या नियोजनातला सर्वांत उपयोगी शब्द तोच होता.

बोट लागण्याचा आणि केबिनचा संबंध आहे. बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर हालचाल सर्वांत कमी जाणवते. परंतु फार खाली आणि पुढच्या टोकाला केबिन घेतली तर रात्री प्रत्येक बंदरात धक्क्याला लागताना बोट बाजूला सरकवण्यासाठी जे आडवे पंखे चालवतात, त्यांचा आवाज थेट उशाशी येतो. आणि या मार्गावर एका रात्रीत तीन-चार बंदरे येतात. म्हणून मध्यभाग, मधला डेक आणि खिडकी, एवढे आम्ही ठरवले. ज्या एजंटकडे आम्ही नोंदणी केली त्यांनी 'समुद्राकडे खिडकी' असलेल्या दोन केबिन दिल्या. केबिनचे क्रमांक हाती आल्यावर मी बोटीचा डेकचा आराखडा उघडून ते शोधले, तेव्हा एका केबिनच्या खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असल्याचे दिसले. अशा केबिन वेगळ्या वर्गात आणि कमी भाड्यात मिळतात, आमच्याकडून मात्र पूर्ण खिडकीचे पैसे घेतले गेले होते. तीन ईमेल आणि एका दीर्घ फोननंतर ती केबिन बदलून मिळाली. क्रमांक मिळाल्याशिवाय आणि तो आराखड्यावर पाहिल्याशिवाय पैसे पूर्ण भरू नयेत, हे मी आता प्रत्येकाला सांगते. डावी बाजू घ्यावी की उजवी, याचा विचार पूर्ण फेरीत करावा लागत नाही, कारण जाताना जी बाजू किनाऱ्याकडे असते ती येताना समुद्राकडे जाते.

व्हिसाचे काम सरळ होते, फक्त त्याचा क्रम नीट लावावा लागला. नॉर्वे शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. आणि पासपोर्ट शेंगेन क्षेत्र सोडल्यानंतर पुढे तीन महिने वैध असायला हवा. राहण्याच्या पुराव्यासाठी बोटीची नोंदणी आधी लागते, पण व्हिसा नाकारला गेला तर नोंदणीचे पैसे जातील अशी भीती असते. म्हणून नोंदणी करताना रद्द करण्याच्या अटी वाचून, किती तारखेपर्यंत रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते हे आम्ही त्याच आलेखाच्या मागे लिहून ठेवले आणि त्या तारखेच्या बऱ्याच आधी अर्ज केला. उत्तरेच्या स्वालबार्ड बेटांवर जाऊन येण्याचा विचारही एकदा मनात आला होता. ते नॉर्वेचेच असले तरी शेंगेन क्षेत्राबाहेर आहे आणि तिथून परतायला दोन प्रवेशांचा व्हिसा लागतो, हे कळल्यावर तो विचार बाजूला ठेवला.

परतीच्या विमानाबाबत माझी चूक होणार होती. बोट ३१ मार्चला दुपारी पावणेतीनच्या सुमारास बर्गनला येते, म्हणून मी त्याच संध्याकाळचे विमान पाहून ठेवले होते. बाबांनी ते ऐकून घेतले आणि विचारले, "अडीच हजार सागरी मैलांच्या शेवटी तू किती तासांची मुभा ठेवली आहेस?" विमान १ एप्रिलचे घेतले. जातानाही १९ मार्चला बर्गनला पोहोचून एक रात्र शहरात राहायचे ठरवले, कारण सामान उशिरा आले तर बोट थांबणार नाही.

कपड्यांबद्दल थोडक्यात सांगते. उष्ण सागरी प्रवाहामुळे ही बंदरे हिवाळ्यातही गोठत नाहीत आणि मार्चअखेरचे तापमान शून्याच्या आसपास घुटमळते. खरा त्रास डेकवरच्या वाऱ्याचा. अंगाला लागून लोकरीचा थर, त्यावर गरम थर आणि सगळ्यांत वर वारा अडवणारा कोट एवढे पुरते. बुटांना खालून अडकवायचे लोखंडी काटे मात्र तिघांसाठीही घेतले, कारण धक्क्यावर बर्फ वितळून पुन्हा गोठलेले असते आणि या वयात आई-बाबांचे पडणे परवडणारे नाही. किनाऱ्यावरच्या सहलींपैकी नॉर्दकापची एकच आधी नोंदवली. हिवाळ्यात तिथे जाणाऱ्या शेवटच्या रस्त्यावर बर्फ सारणाऱ्या गाडीच्या मागे सगळ्या बसना रांगेने जावे लागते, आणि अशा ठिकाणी बोटीच्या वेळेशी बांधलेल्या सहलीनेच जावे असे आम्हाला वाटले. बाकी बंदरांत पायी फिरायचे ठरवले. ओलेसुंड १९०४च्या आगीनंतर नव्याने बांधलेले आहे, स्टोकमार्क्नेसला या मार्गावरची १९५६ची एक जुनी बोट काचेच्या इमारतीत जतन केली आहे आणि हामरफेस्टला पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी केलेल्या स्ट्रूव्हे सर्वेक्षणाचा स्तंभ आहे. हा शेवटचा बाबांचा आग्रह.

२० मार्चला दुपारनंतर आम्ही बर्गनच्या धक्क्यावर आलो. बोटीच्या कडेच्या दारातून खोक्यांच्या राशी आत जात होत्या आणि आमच्यामागे रांगेत एक तरुण मुलगी हातात फक्त पाठपिशवी घेऊन उभी होती. ती दुसऱ्या दिवशी ओलेसुंडला उतरणार होती. केबिनमध्ये गेल्यावर आईने आधी खिडकीचा पडदा बाजूला केला. समोर पाणी होते, पलीकडच्या घरांचे दिवे होते आणि मध्ये काहीही आड येत नव्हते. बाबांनी तो चिकटवलेला पट्टा पलंगाशेजारच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावला, खिशातून निळी पेन्सिल काढली आणि मनगटावरचे घड्याळ फोनमधल्या वेळेशी जुळवून घेतले. प्रत्यक्ष वेळा निळ्या रंगाने लिहायच्या, ही त्यांची जुनी रीत.

साडेआठला दोर सुटले. धक्का सरकायला लागलेला खिडकीतून दिसला तेव्हा त्यांनी बर्गनच्या ओळीवर '२०:३२' असे लिहिले.

"पुढचे फ्लोरो," ते म्हणाले. "मध्यरात्रीनंतर आहे. तुम्ही झोपा."

"आणि तुम्ही?" आईने विचारले.

"मी वेळ लिहून झोपतो," बाबा म्हणाले आणि त्यांनी गजर लावला.